भुऱ्या, पट्टा आणि दादाचा हो

१० नोव्हें., सोमवार
भुऱ्या आजही बसला. फाटकाबाहेर पाऊल पडलं की मागचे पाय टेकतो, मग पुढचे, मग हनुवटी. थोडा ओढला, तर बसल्या बसल्या घसरत आला. समोरच्या काकू ओट्यावर तूर निवडत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, कुत्र्याले फिरवून राह्यले का रस्ता झाडून राह्यले?"
उचलून घरी आणला. पट्ट्याला दातांच्या खुणा.
खेड्यात हे पिल्लू मोकळं होतं. गोठ्यात जन्म, थोरल्या भावाच्या, दादाच्या बैलगाडीमागे धावणं, बस. इथे कारंज्यात कापसाच्या गाड्या सुरू झाल्यात, परवा एकीखाली येता येता राहिलं. पट्ट्याशिवाय बाहेर नेणं बंद.
दादा व्हरांड्यात खुर्चीवर बसून सगळं बघत होता. लकवा झाल्यापासून आमच्याकडे आहे. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला: हो. चहा? हो. रेडिओ? हो. डॉक्टर म्हणतात, कळतं बऱ्यापैकी, पण मान हलवण्यावर विसंबू नका, ती आपोआप हलते. बाकी प्रकृती ठीक.

११, मंगळवार
वर्तमानपत्राला स्तंभ द्यायचा दिवस. दुपारी पाठवला, वेळेत.
पुण्याहून संजूचा फोन. दादाचा मुलगा, एकुलता. बैलजोडीला गिऱ्हाईक मिळालं, शेलूबाजारकडचाच माणूस, रविवारी न्यायला येतो. चांद्या आणि मोहन्या दादाच्या आजारपणापासून शेजाऱ्याच्या गोठ्यात आहेत. शेजारी तरी किती दिवस वैरण घालेल? शेत मक्त्याने दिलंच आहे, मक्तेदाराकडे ट्रॅक्टर आहे. संजूचं चूक नाही.
"काका, मी बाबाले फोनवर सरळ ईचारलं, बैल देऊन टाकू का? हो म्हटलं त्यायनं. एकदा नाई, तीनदा."
बरं म्हटलं.
बायकोला, नलूला सांगितलं. ती भाजी चिरत राहिली.
भुऱ्या: अंगणात पट्ट्यासह उत्तम चालतो. फाटक ओलांडलं की धरणं.

१२, बुधवार
नवा उपाय. खिशात भाकरीचे तुकडे. तुकडा नाकासमोर धरला की उठतो, चार पावलं येतो. आज औषधाच्या दुकानापर्यंत मजल. मी खुश होऊन "हो हो, शाबास" म्हटलं, तर तिथेच बैठक.
नलू म्हणाली, "कौतुक केलं म्हणून अभिमान आला त्याले."
रस्त्यात ओळखीचे भेटतात. कुत्रं पाळलं का? हो. दादा बरे आहेत का? हो. प्रत्येक भेटीला पिल्लू बसतं. माझा निष्कर्ष: मी बोलायला थांबतो म्हणून तेही थांबतं. म्हणजे ओळखीचे कमी असलेला रस्ता धरावा. या गावात तसा रस्ता नाही.

१३, गुरुवार
पहाटे निघालो, कोणी भेटू नये म्हणून. पिल्लू पार पाण्याच्या टाकीपर्यंत आलं, एकदाही न बसता. परत येताना दूधवाला: "कुत्र्याले घेऊन निघाले का, साहेब?" मी न थांबताच "हो" म्हटलं. पट्ट्याला हिसका. मागे बघतो तर बसलेलं.
म्हणजे निष्कर्ष चूक. कारण कळलं नाही.
दादाला सकाळी दाढी करून दिली. बैलांचा विषय काढावा असं वाटलं, काढला नाही. संजूने विचारलं आहे.

१४, शुक्रवार
कळलं.
चहाच्या टपरीपाशी कडब्याची बैलगाडी आली. आता गाड्या क्वचितच दिसतात. गाडीवानाने कासरा ओढला, म्हणाला, "होऽ हो." बैल थांबले. बैलांच्या आधी भुऱ्या बसला होता.
मी तिथेच उभा राहून तपासलं. चल: उठला. हो: बसला. पुन्हा. टपरीवाला विचारत होता, तब्येत बरी आहे ना. मान डोलावली, हो म्हटलं नाही.
हे पिल्लू गाडीमागे वाढलं. त्याच्या लेखी हो म्हणजे थांब. मी पाच-सहा दिवस त्याला थांब थांब म्हणत होतो आणि ते थांबत होतं. एवढं आज्ञाधारक जनावर आणि आख्ख्या गल्लीत हट्टी म्हणून नाव.
नलूला सांगितलं. ती पिठाची चाळणी हातात धरून हसत सुटली. मग हसणं थांबलं. चाळणी तशीच.
"मंग बैलाच्या सौद्याले दादा काय म्हणून राह्यले?" म्हणाली.

१५, शनिवार
झोप साधारण.
सकाळी चहा देताना दादाला विचारलं, चहा हवा? हो. कप घेतला. जरा वेळाने विचारलं, चहा नको ना? हो. कप रिकामा होता, तेव्हा तेही बरोबरच. बैल विकायचे? हो. बैल ठेवायचे? हो. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने डाव्या हाताने खुर्चीचा हात आपटला आणि तोंड फिरवलं. पुढे विचारलं नाही.
उभी हयात मजकूर तपासण्यात गेली. शब्द समोर आहे, शुद्धलेखन बरोबर आहे, फक्त पुढचं विरामचिन्ह कोणी काढून घेतलंय. अशा मजकुराला आम्ही लेखकाकडे परत पाठवायचो. इथे लेखकच समोर बसलाय.
संजूला फोन केला. तो बसमध्ये होता, निघालाच होता. शांतपणे ऐकून घेतलं. मग:
"काका, आता कुत्र्याले ईचारून बैलाचा सौदा करू का मी?"
मुद्दा रास्त आहे. तसं म्हटलंही.
पुढे म्हणाला, "तुमी मले आधी काहून नाई सांगतलं?" आधी मलाही माहीत नव्हतं. पण त्याचा आवाज उतरला होता. तीनदा विचारलं, तीनदा हो. आता ते तीनही त्याला पुन्हा ऐकू येत असणार.
नलूचं म्हणणं: फोनवर नको, घरातही नको. दादाला तिकडे न्या. बैल समोर असू द्या.

१६, रविवार
जीप सांगून गेलो. दादा पुढे, संजू, नलू, मी मागे. भुऱ्या पट्ट्यासह नलूच्या पायाशी. शेलूबाजार ओलांडल्यावर दादा काचेला डोकं लावून बसला. तूर फुलावर आहे.
घेणारा आधीच येऊन बसलेला. बोलायला बरा माणूस. शेजाऱ्याने दादाला खाट टाकून दिली. नलूने बैलांना पाणी घातलं, कपाळाला हळद-कुंकू लावलं, भाकरी दिली. मोहन्या खाटेकडे आला, दादाच्या सदऱ्याला हुंगलं. दादाने डावा हात त्याच्या वशिंडावर ठेवला. नलूने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे.
संजू खाली बसून म्हणाला, "बाबा, नेऊन राह्यले आता." दादा गप्प. नेमका तेव्हा गप्प.
घेणाऱ्याने दावी सोडली, जोडी घेऊन निघाला. बाभळीपर्यंत गेली असेल.
दादा म्हणाला, "होऽ."
चांद्या थांबला, मोहन्या थांबला. माझ्या हातातल्या पट्ट्याला ओढ बसली, भुऱ्या खाली. घेणाऱ्याने दावं ओढलं, शेपटीला हात लावला. बैल हलले नाहीत, वळून खाटेकडे बघत राहिले.
संजू वाकला. "बाबा, थांबवू का?"
"हो."
"नाई तं नेऊ देऊ का?"
"हो."
संजू तसाच वाकलेला राहिला.
घेणारा परत आला, दावं संजूच्या हातात दिलं. म्हणाला, "तुमचं घरातलं ठरू द्या, पाटील. मी फोन करतो." रागावला नव्हता. मोटरसायकलवर गेला.
बैल पुन्हा शेजाऱ्याच्या गोठ्यात. शेजारी म्हणाला, घालतो अजून काही दिवस वैरण. काही दिवस हे त्याने जरा जोरात म्हटलं.
परतीत दादा झोपला.

१७, सोमवार
संजूने रजा वाढवली. सकाळी बापाला चहा दिला, हवा का विचारलं नाही. नुसता पुढे धरला. दादाने घेतला.
भुऱ्या टाकीपर्यंत जाऊन आला, न बसता. ओळखीच्यांना आता मी "हं" म्हणतो. आखडू झालो असं गावात नाव होणार.
संध्याकाळी दादाच्या चालण्याची वेळ. डाव्या हातात काठी. नलूने पट्ट्याचं टोक त्याच मनगटाला सैल गुंडाळलं. मी नको म्हणत होतो, पिल्लाने ओढलं तर पडेल. ओढलं नाही. काठी पुढे पडेल तेवढंच चालत होतं. माझ्याबरोबर असं कधी चाललं नाही.
फाटकाशी दादा म्हणाला, "हो." भुऱ्या बसला. दादाने दम घेतला. मग म्हणाला, "हो." भुऱ्या उठला आणि चालू लागला.
मी अगदी जवळ होतो. दोन्ही सारखेच ऐकू आले. नलूला विचारलं, तिलाही.
संजू दारात उभा होता, त्याने पाहिलं. हातातला फोन वाजत होता, कालच्या घेणाऱ्याचा. त्याने उचलला नाही, बंदही केला नाही. तसाच वाजता फोन घेऊन फाटकाकडे गेला आणि बापाच्या शेजारी, पिल्लाच्या दुसऱ्या बाजूने, चालू लागला.