डावीकडची खोली

करडी, गुरुवार, दिवेलागणीनंतर

मुलाने आम्हा दोघांना मुंबई-गोवा जहाजाची सहल दिली, आणि आज खोली डावीकडची की उजवीकडची यावरून घरात भांडण! जाताना किनारा डावीकडे. मला तीच बाजू हवी, फोनला रेंज तरी मिळेल. कपिली गाय नेमकी तेव्हाच व्यायची आहे. शेजारणीला विचारायला नको?

हे चिडले. "समुद्रात जाऊन किनारा कायले पाह्याचा? मले पाणीच पाणी पायजे. उजवीकडचीच घेऊ." गायीसाठी एवढं अडून बसावं का मी? पण पहिलंच वेत आहे तिचं.

आत्ता ढेप घेऊन गोठ्यात गेले, तर हे कपिलीची मान खाजवत होते. "डावीकडचीच सांगतली पोराले. तिथून फोन लागते. भिऊ नको, माय."

मला अजून सांगितलेलं नाही.