महिना हजार डॉलरचा मालक

फोर्ट वेन, इंडियाना

आमच्या गोतावळ्यातले एकमेव अर्थतज्ज्ञ, मेहुणेबुवा क्लेटन यांस,

दंड कर खात्याला गेला, दंडवत तेवढा तुम्हाला. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक, म्हणजे व्हायचं ते होऊन गेलंय.

काही वर्षांपूर्वी चार जुलैला कणसं भाजता भाजता तुम्ही मला ज्ञान दिलंत : "अरे खुळ्या, कंपनी तुझीच ना? मग पगार चिमूटभर घे, बाकीचं मालकाचा नफा म्हणून उचल. पगारावर सोशल सिक्युरिटीचा कर बसतो, नफ्यावर तो नाही!" झालं. शौचटाक्या उपसणाऱ्या आमच्या कंपनीत मालकाचा पगार महिना हजार डॉलर. माझाच मदतनीस माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचा. (एकदा त्यानं माझ्या सँडविचचे पैसे दिले. मी देऊ दिले.)

मग कर खात्याच्या प्रुइटबाई आल्या. अगदी गोड बोलणं. नादीन, म्हणजे तुमची बहीण, शेजारीच बसली होती. बाईंनी विचारलं, "कंपनीत तुम्ही नेमकं काय करता?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं हो! मी सुटलोच. ट्रक मी चालवतो, टाकीत मी उतरतो, पंप मी दुरुस्त करतो, मी नसलो तर कंपनी एक दिवस चालायची नाही! बाई कौतुकानं मान डोलवत लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एवढं करणारा माणूस हजार डॉलरात कुठे मिळतो, मलाही सांगा."

उचललेला बहुतेक नफा पगारात धरला गेला. मागचा कर, व्याज, वर दंड. तेही मी गिळलं असतं. पण बाई नादीनकडे वळल्या. "आणि फोन, हिशेब कोण बघतं?"

"मीच."

"तुमचा पगार?"

नादीननं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

तुमच्याच कृपेनं इथवर पोचलेला,
वर्लिन

ता. क. : नादीन बॅगा घेऊन तुमच्याकडेच आली आहे, ठाऊक आहे मला. हे पत्र तिला दाखवू नका.

ता. क. २ : नको, दाखवाच. नादीन, तू म्हणशील तो पगार, मागच्या सगळ्या वर्षांचासुद्धा. फक्त ये. फोन मीच घेतोय. काल एका भलत्याच माणसाची टाकी उपसून आलो, आणि ज्यांनी बोलावलं होतं ते अजून वाट बघताहेत.