देवाच्या ताटातलं मीठ

आषाढ वद्य ३, सन १९५७

उमीनं ही वही दिली. तिची गणिताची, मागची पानं कोरी राहिलेली. म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलतच असतीस, ते हिच्यात लिही, म्हंजे आमचे कान सुटतील. नऊ वर्षांची नात! वर माझ्या अक्षराला नावं ठेवते — तुझा 'श' पोटुशी दिसतो म्हणे. इतकी हसले की ठसका लागला. दुसरीपर्यंत शिकले मी, तेही भावाच्या पाटीवर. 'श' बाळंत होईल तेव्हा होईल.

गुडघे ठणकून राह्यलेत. पहाटे ओलं नेसून चुलीपुढं बसायचं, नरसिंहाचा नैवेद्य रांधायचा, सूर्य डोक्यावर यायच्या आत देवळात पोचवायचा. त्रेचाळीस वर्षं झाली. बाईपणाचे चार दिवस तेवढे आधी सासूबाई करायच्या, मंग पुजाऱ्याची बायको द्वारकाबाई.

वरण, भात, दोन पोळ्या, एक भाजी. चाखायचं न्हाई. वाससुद्धा घ्यायचा न्हाई. देवाच्या ताटात मीठ वेगळं वाढत न्हाईत, म्हणून जे काय मीठ ते अंदाजानं आतच. आणि ताट आमच्या घरी परत येत न्हाई, पुजाऱ्याकडं जातं. रांधणारीनं ते खाल्लं तर हात लालचावतो, असं सासूबाईंचं म्हणणं. म्हंजे नैवेद्याचं माझं वरण कसं लागतं ते साऱ्या गावाला ठाऊक, मला न्हाई!

आषाढ वद्य ६

पायावर कढण सांडलं. आज लिहिणं न्हाई.

आषाढ वद्य ९

रजनी — जगन्नाथाची बायको, माझी सून — पायाला कोरफड लावता लावता म्हणाली, आत्याबाई, नैवेद्य आता माझ्याकडं द्या की. मी म्हणाले, तुला घरची चूल पुरे. का न्हाई दिला? थकले तर आहेच. पहाटे उठताना वाटतं, आज देवानंच यावं न् स्वतःचं शिजवून घ्यावं.

रजाकारांच्या वेळी अर्धा गाव वऱ्हाडात पळाला. हे गाडी जुंपून उभे, आणि मी म्हणाले, थांबा, ताट पोचवून येते. यांनी आयुष्यात एकदाच शिवी दिली, ती त्या दिवशी. आता हेही न्हाईत. शिवी आठवली की बरं वाटतं.

पण सोनूचं आठवलं की बरं वाटत न्हाई. माझी लेक, घनसावंगीला दिलेली. पहिलं बाळंतपण इथं केलं, दुसरं सासरी. अडली म्हणून माणूस आल्ता मला न्यायला. द्वारकाबाई म्हणाली, वहिनी, तुम्ही जा, चार दिवस मी बघते. मी म्हणाले, नरसिंह जयंती तोंडावर आली, एवढं तुझ्यानं होणार न्हाई. खरं कारण ते न्हवतं. मला वाटायचं, माझ्यावाचून देव उपाशी राहील.

लेक वाचली. बाळ गेलं. जयंती उरकून मी गेले तेव्हा भिंतीकडं तोंड करून निजल्ती. म्हणाली,

"आई, तुझा देव जेवला का?"

तेवढंच. त्याला सहा वर्षं झाली. सणाला येते, पाया पडते, बोलते. पण 'आई, तू ये' असं कधी म्हणत न्हाई.

श्रावण शुद्ध ५

आज काय लिहू.

पुजाऱ्याकडं दही द्यायला गेले. श्रीपती पुजारी आणि परतूरहून आलेले एक म्हातारे कीर्तनकार देवाच्या ताटावर जेवत होते. कीर्तनकारांनी घास घेतला आणि म्हणाले, वरण अळणी आहे हो, जरा मीठ द्या. द्वारकाबाई माझ्याकडं बघून पांढरी पडली. आणि मिठाची वाटी आणायला कोणी उठलंच न्हाई. ती श्रीपतीच्या पाटाशेजारी आधीच होती.

मी म्हणाले, द्वारके, कधीपासून?

"दोन वर्षं झाली, वहिनी. रोज न्हाई. एक-दोन दिवसांआड."

श्रीपतीनं मान वर केली न्हाई. म्हणाला, "देवाच्या ताटात मीठ घालणं माझं काम न्हाई. माझ्या ताटात घालून घेतो. तुम्हाला सांगून काय करायचं होतं?"

घरी कशी आले ठाऊक न्हाई.

श्रावण शुद्ध ६

दोन वर्षं देवानं अळणी खाल्लं, आणि काही झालं न्हाई. पाऊस पडला. उमी पास झाली. मंग चार दिवस द्वारकाबाईच्या हातचं खाल्लं असतं तर काय झालं असतं?

हे सोनूला कसं सांगू.

श्रावण शुद्ध ८

आज रजनीला चुलीपुढं बसवलं. मी मागं पाटावर. तिनं ओलं नेसलेलं, कुडकुडत होती. मीठ किती, आत्याबाई? सासूबाईंनी मला सांगितलं तेच सांगितलं — तळव्याच्या खळग्यात मावेल तेवढं. ताट झाकून देवळाकडं गेली तेव्हा माझे हात मोकळे. कुठं ठेवावेत कळेना. उमी म्हणाली, दे इकडं, आणि धरून बसली. किती गोड पोर!

श्रावण शुद्ध ८, दुपारी

श्रीपती स्वतः देवाचं ताट घेऊन दारात. म्हणाला, आता रांधणारी तुम्ही न्हाई, वहिनी, मंग पहिला प्रसाद तुमचा.

त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बसले त्या ताटावर. घास घेतला — डोळ्यांत पाणी! मीठ दुप्पट. रजनीचा तळवा केवढा, माझा केवढा, हे मला कसं सुचलं न्हाई?

पोर दाराला टेकून उभी होती.

"कसं झालंय, आत्याबाई?"

"बराबर झालंय."

ताट पुसून खाल्लं. वर दोन तांबे पाणी प्याले. तळव्याचं तिला द्वारका सांगेल, सावकाशीनं.

उद्याच्या मोटारीनं घनसावंगीला जाते. बोलावलेलं न्हाई, तरी जाते. देव जेवेल.