साखळीच्या दोन कड्या

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
१९ नोव्हेंबर २००६

प्रिय बाबा,

आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं. तो कागद फाडला. माझ्या हातून तो शब्द लिहिलेला मलाच बघवेना.

तुम्ही भारतात परत जाऊन महिना झाला. पेन्शनच्या कामाचं कारण सांगून तुम्ही तिकीट अलीकडे आणलंत आणि मी एअरलाइनला फोन लावताना चक्क सुटकेचा निःश्वास टाकला. त्याचीही आता शिसारी येते.

डोंगरात कॅम्पिंगला निघालो ती सकाळ तुम्ही विसरला नसाल. मी मोठ्या हौसेने घेतलेला तो जुना ट्रेलर, चाकांवरचं घरच ते, पिकअपला जोडला आणि तुम्ही चहाचा कप घेऊन त्याच्याभोवती फिरलात. “विनू, गाडी मागे बसलीय. तोंड वर गेलंय. पुढच्या चाकांना पकड राहणार नाही,” म्हणालात. मी हो हो करत आंघोळीला गेलो. तेवढ्यात तुम्ही माझ्या टूलबॉक्समधली टेप काढलीत. ट्रेलर सोडवून पिकअपच्या पुढच्या चाकावरची उंची मोजलीत, जोडून पुन्हा मोजलीत. दोन इंचांचा फरक. मग जॅकने हिचचा जोड उचलून त्याच्या दोन्ही दांड्यांच्या साखळ्या दोन-दोन कड्या वर घेतल्यात, म्हणजे ट्रेलरचा भार नुसता पिकअपच्या मागच्या चाकांवर न पडता पुढेही वाटला जावा. पस्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला यात काय अवघड?

मी बाहेर आलो तेव्हा ऑफिसातला राजीव बायको-मुलांसह आला होता. आपल्या मागून त्याची गाडी येणार होती. तुमचे ग्रीसने माखलेले हात बघून तो हसला, “काका, ही एसटी नाही हो! इथे प्रत्येक गोष्टीचं मॅन्युअल असतं.” मीही हसलो. आणि ते मॅन्युअल न उघडता, त्याच्यादेखत, साखळ्या होत्या तशा खाली सैल लावल्या. “एकदा वाच तरी,” एवढंच तुम्ही म्हणालात आणि हात धुवायला गेलात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी मला लिहायचंय. उतारावर तो अवजड ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागला. स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. मागे लेकीला कवटाळून शुभा ओरडत होती. माझा पाय ब्रेककडे गेला आणि तुम्ही म्हणालात, “ब्रेक नको. अॅक्सिलरेटर सोड. चाक सरळ धर.” आवाज जरासुद्धा चढला नव्हता. डॅशबोर्डखाली हात घालून ट्रेलरच्या ब्रेकची कळ तुम्ही स्वतः दाबलीत. ती कशाची, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी विचारून ठेवलं होतं. ट्रेलर ताणला जाऊन सरळ झाला. आपण कडेला थांबलो.

राजीव धावत आला. “काय झालं यार?” आणि मी म्हणालो, “बाबांनी सकाळी साखळ्यांशी काहीतरी उद्योग करून ठेवला.”

सावनीला ओकारी झाली होती. तुम्ही मागच्या सीटवरची घाण तुमच्या रुमालाने पुसत होतात. हात न थांबवता म्हणालात, “हो, माझंच चुकलं. माफ करा.” राजीवने तुमच्याकडे दया आल्यासारखं बघितलं. मी ते चालू दिलं. कॅम्पवर रात्रीच्या जेवणात त्याच किश्शावर पुन्हा एकदा हशा झाला, तोही चालू दिला. साखळ्या मात्र त्याआधीच गुपचूप जाऊन वर केल्या होत्या. परतताना ट्रेलर जरासुद्धा हलला नाही आणि राजीवने माझी पाठ थोपटली. बाबा, ओकारीचा वास दोन दिवसांत गेला. माझी मला येणारी किळस जात नाही.

आज सकाळी तुम्हाला फोन लावून मी सावनीला हाक मारली. ती खोलीतून म्हणाली, “आय डोन्ट वॉन्ट टू. ही ऑलमोस्ट किल्ड अस.” तुम्हाला मी ती झोपलीय म्हणून सांगितलं. फोन ठेवला आणि तिच्या खोलीत जाऊन, शुभासमोर, सगळं खरं सांगितलं. नऊ वर्षांची पोर ती. तिने विचारलं, “आजोबांना माहीत होतं?” मी हो म्हणालो. “मग ते सॉरी का म्हणाले?” “ते तू आजोबांनाच विचार,” मी म्हणालो. दुपारी राजीवकडेही जाऊन हेच सांगून आलो. तुम्हाला फोनवर सांगितलं असतं, तर तुम्ही ‘जाऊ दे रे’ म्हणून हवापाण्याचं विचारलं असतं, म्हणून पत्र. हे पोचायला दोन आठवडे लागतील. त्यानंतरच्या रविवारी सावनी स्वतः तुम्हाला फोन करणार आहे, आणि तोच प्रश्न विचारणार आहे. तेव्हा तिला खरं काय ते सांगा. या वेळी मला सांभाळून घेऊ नका.

तुमचाच,
विनय