आमच्या गाडीला धूर आणायचा कुठून?

वाटूर,
मंगळवार

आदरणीय कडूबादादा यांना धाकट्या बहिणीचा, बेबीनंदाचा, सप्रेम जयभीम.

शहागडचं ऊन सोसतंय ना? वहिनीचा गुडघा आता जिना चढू देतो का? एसटीतून रिटायर झाल्यापासून तुम्ही रोज थांब्यावर जाऊन नव्या ड्रायव्हरांना गाडी कशी वळवावी ते सांगता, असं कळलं. तब्येत ठणठणीत असल्याशिवाय माणूस एवढं करत न्हाई, म्हणून तुमच्याबद्दल वेगळं विचारत न्हाई. इकडं आम्ही दोघं मजेत. मी तर इतकी मजेत, की कालपासून भाकरी थापतानासुद्धा एकटीच हसून राह्यले. फोनच करणार होते, पण आमचे हे (तातेराव, दुसरे कोण!) फोनला कान लावून दोन्हीकडचं ऐकतात, आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायचंय.

तर दादा, आमची गाडी पीयूसीत पास झाली!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण तुम्हाला आमची गाडी माहीत न्हाई. आमच्या लेकीनं, प्रियानं, पुण्यात नवी घेतली आणि जुनी आम्हाला देऊन टाकली. ही हायब्रीड आहे. म्हणजे पेट्रोलवर चालते आणि बॅटरीवरही चालते, आणि कधी कशावर चालायचं ते तिचं तीच ठरवते. (लग्न होऊन आल्यापासून आमच्या घरात स्वतःचं स्वतः ठरवणारी मी बघितलेली ही पहिलीच.) उभी राह्यली की तिचं इंजिन बंद पडतं, पण गाडी चालूच असते. ह्यांना तिचा पहिल्या दिवसापासून राग. ह्यांची मोटारसायकल फाट्यावरून वळली की आमच्या घरातली भांडी थरथरतात, त्यामुळं आवाज न करणाऱ्या वस्तूवर ह्यांचा भरवसाच न्हाई. त्यात गाडी चालवते मी. शाळेतून रिटायर झाल्यावर शिकले. कुठं जायचं तर कुणाच्या तरी मागं बसून, आणि तेही त्याला सवड असेल तेव्हा, अशी सगळी उमर गेली. आता मनात आलं की परतूरला पुष्पाबाईकडे निघते (ती आणि मी एकाच शाळेत होतो, एकाच टेबलावर डबा खायचो). वाटेत रसवंतीवर थांबते. दोन ग्लास पिते. कुणी विचारत न्हाई.

पण पीयूसीची मुदत संपली, आणि परतूरच्या एका पीयूसीवाल्यानं ‘ही गाडी आपल्याला झेपायची न्हाई’ म्हणून मला परत पाठवलं. ह्यांना आयतं कारण मिळालं. जिचा धूर मोजता येत न्हाई ती गाडीच नव्हे, असं म्हणून ह्यांनी परस्पर गिऱ्हाईकसुद्धा बघितलं. परतूरचा भागवत, बी-बियाणांचा दुकानदार. शेवटी असं ठरलं, की सोमवारी पीयूसी मिळाली तर गाडी राहील, न्हाई तर भागवत तिथूनच घेऊन जाईल. प्रियाला फोन केला, तर ‘तुमचं तुम्ही दोघं ठरवा’ म्हणून ती मोकळी.

काल दुपारी फाट्यावर गेलो. तिथं लिंबाखाली आदिनाथची पीयूसीची व्हॅन उभी असते. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटून राह्यलं. आदिनाथनं गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि म्हणाला, “चालू करा.”

“चालूच आहे,” मी म्हटलं.

त्यानं बॉनेटवर हात ठेवला, कान लावला आणि ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मान अशी हलवली, जशी डॉक्टरांपुढं नातेवाईक हलवतात. मी रेस दिली, तर गाडी एकदा गुरगुरली आणि पुन्हा गप्प. मशीन सारखं सांगून राह्यलं, की नळी बराबर लावा. नळी बराबरच होती हो, धूरच नव्हता! दादा, ज्या परीक्षेत धूर कमी पाहिजे त्या परीक्षेत आमची गाडी धूर न्हाई म्हणून अडून बसली. आदिनाथ बिचारा घाम पुसत हळूच म्हणाला, “टीचर, नळी माझ्या व्हॅनला लावतो, फोटो तुमच्या गाडीचा काढतो. जल्दी काम होईल.”

“आदिनाथ, ह्याला कॉपी म्हणतात,” मी म्हटलं. (तो माझा विद्यार्थी नव्हता, तरी त्यानं हात मागं घेतले.)

“मंग नापासच समजा,” हे म्हणाले, आणि लगेच भागवतला फोन लावला. तो जवळच आल्ता म्हणे. मी झाडाआड जाऊन प्रियाला पुन्हा फोन केला. ती हसलीच. म्हणाली, “आई, बॅटरी उतरव. एसी फुल कर, दिवे लाव, रेडिओ लाव. बॅटरी कमी झाली की इंजिन आपोआप चालू होतं.”

मी सगळं लावलं. आता त्या उन्हात एसी चालू असलेली गाडी उभी म्हटल्यावर काय होणार? जालन्याच्या बसची वाट बघत बसलेल्या द्वारकाबाई (आमच्या गल्लीतल्याच) म्हणाल्या, “जरा टेकू का?” आणि पिशवीसकट आत आल्या. तेवढ्यात आदिनाथ चहाला गेला, आणि नेमकं तेव्हाच इंजिन सुरू झालं! हे कधी न्हाई ते पळाले. “चालू झाली! चालू झाली!” आदिनाथ पेला टाकून धावत आला, नळी उचलली, फोटो घेतला, मशीनचं बटण दाबलं, आणि गाडी गप्प. आमचे हे कपाळाला हात लावून खालीच बसले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ह्यांना आता ती पास व्हायला पाहिजे होती.

तोवर भागवत आला. गाडी नीट बघतो म्हणून आत शिरला तो द्वारकाबाईंच्या शेजारी डोळे मिटून बसला. ह्यावेळी आदिनाथ नळी धरून जागेवरून हलला न्हाई. हे स्वतः उन्हात, सायलेन्सरजवळ उकिडवे बसून, पातेल्यातलं दूध उतू जायची वाट बघावी तसे. आणि इंजिन लागलं! मशीनवर आकडे हलले, थांबले, कागद बाहेर आला. पास! आकडा इतका बारीक, की आदिनाथनं चष्मा काढून पुसला. हे तो कागद फडकवत सगळ्या फाट्याला सांगत सुटले, “धूरच न्हाई! बिलकुल धूरच न्हाई! आहे का कुणाची अशी गाडी?”

भागवत काही खाली उतरेना. म्हणाला, “तातेराव, आता तर मी घेऊनच जातो.”

तेव्हा हे जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाई. म्हणाले, “माझी न्हाई ती. हिची हाय. हिला विचार.”

मी न्हाई म्हटलं. एकदाच म्हटलं, पण असं म्हटलं, की द्वारकाबाईंनी बसल्या जागेवरून टाळी वाजवली. (त्यांची बस केव्हाच निघून गेल्ती. त्यांना जालन्याला मी सोडलं, जाऊन-येऊन, एसी लावून.)

वहिनीला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. बाकी सगळं ठीक.

तुमची लाडकी,
बेबी

ता. क. — ज्याच्यासाठी कागद घेतला तेच राहून गेलं. आमच्या ह्यांना गाडी आता इतकी आवडून राह्यली, की स्वतः चालवणार म्हणतात. जन्मात कधी स्टिअरिंगला हात न्हाई. मी शिकवायला बसले, तर मलाच शिकवतात. तरी तुम्ही ह्यांना महिनाभर शहागडला बोलवून घ्या, आणि तुमच्या जुन्या जीपवर शिकवा. माझ्या गाडीवर न्हाई. बोलावणं तुमच्याच मनातलं वाटलं पाहिजे.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवायच्या आधी लिहिते. पत्र टाकायला हेच निघालेत. पोस्टाची पेटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, आणि ह्यांच्या हातात गाडीची किल्ली आहे. महिन्याचे दोन महिने करा.