खळ्यावर दोन वाटेकरी

सावली गावाजवळ, घरून
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय आई,

तुझा गुडघा आता कसा आहे? तेल संपलं असेल तर कळव, इथल्या बाजारात ताजं मिळतं. आम्ही दोघं बरे आहोत. लवकर येणारा हलका धान कापून झाला, उशिराचा भारी अजून उभा आहे. माझ्या शिकवणीला आता शेजारच्या गावच्या मुलीही येतात. त्यातली पुनम परवा म्हणाली, मॅडम, मलेबी तुमच्यासारखं ग्रॅज्युएट व्हायचं हाय. दिवसभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

फोनवर तू बाबांच्या खात्याचा नंबर विचारलास की मी रेंज नाही म्हणून फोन ठेवते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. म्हणून हे पत्र.

आई, निवृत्त झाल्यावर पेन्शनमधला अर्धा वाटा बाबांना द्यायचा, हे तू आपणहून ठरवलंस. तुमच्या घटस्फोटाच्या कागदात पेन्शनचा शब्दही नाही. तुला कोणी विचारलं नसतं. तरी तू म्हणालीस, मी एटापल्लीकडे उपकेंद्रात सिस्टर म्हणून लोकांची बाळंतपणं करत होते तेव्हा माझं लेकरू त्यानं सांभाळलं, ती नोकरी आम्ही दोघांनी केली. मी कॉलेजात समतेवर निबंध लिहून बक्षीस घेतलं होतं. तुझं बोलणं ऐकल्यावर तो निबंध मला फार पोकळ वाटला. तुझे आभार कसे मानू, हेच कळत नाहीये.

पण बाबांनी पासबुक दिलं नाही.

मी खात्याचा नंबर मागितला तेव्हा ते विळ्याला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मी का तिच्या जिवावर जगून राह्यलो?" त्यात भर म्हणून हेमराजकाकांनी पानठेल्यावर चारचौघांत ऐकवलं की बायको गेली पण पगार राह्यला, मजा हाय भाऊ तुमची. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मी घरकामाला मोल असतं वगैरे बोलायला लागले, तर म्हणाले, बीए झाली तवापासून या घराले माईकच लागला.

मला रडू आलं. हे तुला कसं सांगायचं म्हणून मी रेंजच्या मागे लपत होते.

आता दुसरी गोष्ट. दरवर्षी नव्या तांदळाचं पोतं तुझ्याकडे येतं, ते मी पाठवते असं तू समजतेस. ते बाबा पाठवतात. तुमची काडीमोड झाली त्या वर्षापासून एकदाही चुकलेलं नाही. तुझंच नाव सांग, असं त्यांनी मला बजावलं होतं. गेल्या आठवड्यात ते तुझं पोतं शिवत बसले होते. मी विचारलं, तुम्ही हे काऊन पाठवता? ते सहज म्हणाले, "बोडी तिच्या पगारातून खोदली. पानी तिचं, मंग धानात तिचा हिस्सा नाई का?"

तुला आठवतं ना, शेतात हे बोडीचं तळं नव्हतं तोवर आपलं शेत पावसानं दगा दिला की करपायचं.

मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, बाबा, तुम्ही शेजारच्या धुरपताआजीकडून वेणी घालायला शिकलात. इतकी घट्ट घालायचे की माझे डोळे तिरपे व्हायचे. माझ्या तापात धानाचं रोवणं सोडून घरी बसलात, लोक बायको म्हणून चिडवायचे तरी बसलात. तुम्ही घरी होता म्हणून आईला तिथं राहता आलं. मग त्यांच्याच बोलीत विचारलं, "बोडीत तिचा पगार हाय म्हणून धानात तिचा हिस्सा. मंग तिच्या नोकरीत तुमची मेहनत हाय, तर पेन्शनमंधी तुमचा हिस्सा नाई काऊन?"

त्यांनी सुई पोत्यात तशीच खोचली आणि बोडीच्या पाळीवर निघून गेले. जेवायच्या वेळी परतले. भात कालवता कालवता म्हणाले, "तिनं तिकून पाठवाव, मी इकून पाठवाव, याले वाटणी म्हणत नाई. खळ्यावर दोन्ही वाटेकरी उभे लागतात. भारी धानाची रास होईल तवा तिले बोलाव. तिचा हिस्सा तिनं मोजून घ्यावा. मंग मीबी माझा घेतो."

शिवलेलं पोतं त्यांनी या वर्षी पाठवू दिलं नाही. कोपऱ्यात उभं आहे.

आई, यातून भलता अर्थ काढू नकोस. मीही काढत नाही, फार मोह होतो तरी. धुरपताआजीनं लगेच विचारलं, आता बाई घरीच राहते का? बाबा म्हणाले, पावनी नोहे, वाटेकरी येऊन राह्यली. गावात रास मोजायला हेमराजकाकाच असतात. पहिली पायली, 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत, तुझ्या वाट्याला त्यांनाच टाकावी लागेल, आणि दुसरी बाबांच्या.

लहानपणी मला वाटायचं, तुम्ही दोघांनी मला अर्धं अर्धं केलं. आता वाटतं, एकमेकांचं काही ठेवून घेणं ज्यांना जमत नाही अशी दोन माणसं मला आईबाप म्हणून मिळाली. आणखी काय हवं?

महिनाअखेर मळणी होईल. सकाळच्या बसनं ये, मी स्टँडवर उभी राहीन. खात्याचा नंबर या पत्रात लिहीत नाही. तो बाबा तुला स्वतः सांगणार आहेत.

तुमच्या दोघांचीही, वाटणी न झालेली,
दिव्यानी