मशीन आलं, पुठ्ठा नाही

४ मार्च
हे गेले त्याला वर्ष झालं. त्यांच्या मनातलं मशीन आज कारखान्यात बसलं. पुठ्ठा कापून खोक्याच्या घड्या पाडणारं, हिरवंगार! कर्ज काढलं नाही — खात्यातले सगळे पैसे रोख मोजले. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, आता दुप्पट खोकी!"

१९ मार्च
दुप्पट खोकी काढायची कशाची? पुठ्ठाच नाही! पुठ्ठेवाला तोंडावर म्हणाला, "साहेबांकडे बघून वर्षभर उधारी दिली, ताई. आता रोख." आणि औषधवाली कंपनी आमची खोकी आज नेते, पैसे देते तीन महिन्यांनी. खात्यात खडखडाट.

२३ मार्च
वाचनालयातून हिशेबाचं पुस्तक आणलं. एकच पान पुन्हा पुन्हा वाचलं. मशीन, जागा — वर्षानुवर्षं टिकेल अशा गोष्टीत घातलेला पैसा म्हणजे भांडवली खर्च. पुठ्ठा, डिंक, वीज, पगार — यात जो पैसा रोज जातो आणि खोकी विकून परत येतो, ते खेळतं भांडवल. मी त्या खेळत्या पैशाचंच मशीन केलं! नटबोल्टनं जमिनीत आवळून टाकलं. कर्ज काढायचं तर ते मशीनसाठीच, सावकाश फेडता येतं. आणि मी मिरवत होते — कर्ज नाही काढलं!
कागदावर नफा दिसतो. कागदावरच्या नफ्यातून पगार देता येत नाहीत.

२८ मार्च
बँकेत गेले. आता तरी मशीनवर कर्ज द्या म्हटलं. "मॅडम, घ्यायच्या आधी यायचं ना! आता दोन महिने लागतील." तोवर कारखाना कुठला राहायला!
घरी भावोजी दारातच. "स्वयंपाकघर निराळं, वहिनी, आणि कारखाना निराळा."
म्हटलं, "सगळ्या पैशांचा कुकर घेतला आणि तांदळाला उरले नाहीत, असं स्वयंपाकघरात कधी झालं नाही हो माझं."
हसले नाहीत. मीही नाही.

३१ मार्च
पगार दिले नाहीत.  घड्या घालणाऱ्या बायकांनी खाली मान घालून डबे खाल्ले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ एप्रिल
मिस्त्री चाचरत म्हणाले, "वहिनी, मशीनला गिऱ्हाईक आहे. निम्मी किंमत देतो. पण रोख, उद्याच."
ह्यांची जन्मभराची हौस — निम्म्यात! ओरडलेच मिस्त्रींवर.

३ एप्रिल
विकलं. दुपारी पुठ्ठा उतरला, जुनं मशीन सुरू झालं, संध्याकाळी पगार झाले.
वर्षभर प्रत्येक सही ह्यांच्या फोटोपुढे जाऊन, त्यांना विचारून केली. न विचारता केलेली ही माझी पहिली.